जळकोटचा गुलाबी डबा

येरमाळा,
२० फेब्रुवारी २०२५

आत्या, लांबूनच पाया पडते.

तुम्हाला फोन केला की तुम्ही नुसतं "आं? आं?" करता आणि मी इकडं अख्ख्या येरमाळ्याला ऐकू जाईल असं ओरडते. मागच्या वेळी शेजारीण पळत आली, "कोण वारलं गं?" म्हणून. त्यापेक्षा पत्र बरं. बलभीम ड्रायव्हर उमरगा-बीड गाडी घेऊन इथनं जातो, जळकोटला तुमच्या फाट्यावर थांबतोच. त्याच्या हाती देते. उत्तरही त्याच्याच हाती द्या, पोस्टाची वाट बघायला माझ्यात दम न्हाय.

मुद्द्याचं सांगते. सासऱ्यांनी दुकानापुढचा वट्टा मला दिला! दिला म्हणजे यात्रेपर्यंत दिला. मोबाईलची कव्हरं विकणारा एकजण तीच जागा मागतोय. सासरे म्हणाले, "पोरी, चैत्री पुनवेला येडाईची यात्रा हाय. तवर तुझं काय ते करून दाखव. न्हाय जमलं तर जागा त्याला." ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, "बघू." लग्नाला तीन वर्षं झाली, आत्या, ह्यांच्या तोंडून मी दुसरा शब्द ऐकला न्हाय.

आणि सासूबाई काहीच म्हणाल्या न्हायत. त्यांचं न बोलणंच मला जास्त लागतं.

मी काय करणार ऐका. फेटलेली कॉफी. कॉफीची पावडर, साखर आणि थोडं गरम पाणी एकत्र करून फेटत बसायचं, लोण्यासारखा घट्ट फेस होईस्तोवर. ग्लासात बर्फ, त्यावर थंड दूध, आणि वर हा फेस. मी मोबाईलवर बघितलं तर एका पोरीनं दुधाला गुलाबी रंग दिला होता. खाली गुलाबी, वर तपकिरी. बघूनच तहान लागली. तो रंग कशाचा होता माहिताय? ड्रॅगन फ्रूटच्या पावडरीचा! मी ताडकन उठले. म्हटलं, हे तर आमच्या रुद्रम्मा आत्याच्या मळ्यात खांबाखांबाला लोंबतं.

तुम्ही काप वाळवून पावडर करून ठेवता ना? मला हवी. एप्रिलच्या उन्हात हायवेवर माणसं तापून निघतात, त्यांच्या हातात असा थंडगार रंगीत ग्लास दिला तर कोण न्हाय म्हणेल?

मला घरात करमत न्हाय आत्या. भाकरी झाली, भांडी झाली, की मी या खोलीतनं त्या खोलीत. या घरात एक तरी गोष्ट माझी म्हणून असावी, एवढंच. लवकर पाठवा. उद्याच पाठवा!

तुमची,
शिवलीला

*

जळकोट,
२७ फेब्रुवारी

शिवलीले,

"उद्याच पाठवा" म्हणे! अगं यव्वा, मधी शिवरात्र होती. उपास सोडू का तुझे डबे भरू? लहानपणी अशीच होतीस. गूळ मागायचीस आणि ढेप फोडेपर्यंत रडून मोकळी व्हायचीस. पायाला भिंगरी घेऊनच जन्मलीस.

डबा पाठवला आहे. दरसाली तुझ्या सासरी तुळजापूरचं कुंकू ज्या डब्यात पाठवते, तसलाच आहे, लुगड्याच्या फडक्यात बांधलेला. गेल्या पावसाळ्यातल्या फळाचे काप कडक वाळवून, मिक्सरला दळून, दोनदा वस्त्रगाळ केलेली पावडर आहे. ओलावा लागला की तिचा दगड होतो. कोरड्या, अंधाऱ्या, गार जागी ठेव. आणि जपून वापर, कारण एवढीच आहे. नवं फळ पाऊस लागल्यावर.

फेटायचं म्हणतेस तर चमच्यानं मनगट मोडून घेऊ नको. घरात ताकाची रवी असेल ना? घुसळ की. आपल्या बायकांनी जन्मभर दुसरं काय केलंय?

मळा झकास आहे. पोरगा महांतप्पा सोलापुरात नोकरीवर, तोही झकास. माझं काय, कान सोडले तर सगळं झकास.

तुझी सासू बोलत न्हाय म्हणतेस. न बोलणारी माणसं बघत असतात, एवढं ध्यानात ठेव.

रुद्रम्मा आत्या

*

येरमाळा,
७ मार्च

आत्या,

माझं वाटोळं झालं. सावकाश सांगायला जमणार न्हाय, एका दमात सांगते.

पावडर फेटायच्या कॉफीतच घातली, गरम पाण्यासकट. रंग गुलाबी यायचा सोडून चिखलासारखा आला! आणि फेस तर आलाच न्हाय. रवीनं घुसळ घुसळ घुसळलं, खांदे भरून आले, तरी वाटीत नुसतं काळं पाणी फिरतंय. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आत्या, रागावू नका, पण तुमची पावडर जुनी झाली असेल का? न्हायतर असं कसं होईल?

खरा तमाशा पुढंच आहे. रवी धुऊन जागेवर ठेवली. सोमवारी घरी जंगम स्वामी जेवायला होते. सासूबाईंनी त्याच रवीनं ताक केलं. स्वामींनी एक घोट घेतला, थांबले, आणि म्हणाले, "शिवगंगाबाई, ताकात काय घातलंय?" ताकाला कॉफीचा वास! रवीच्या खाचांत बसला होता. मी दाराआड लपले. स्वामी भले माणूस, हसले आणि पिऊन टाकलं. पण सासूबाईंचं तोंड बघवत नव्हतं. ती रवी त्यांच्या आईची. माहेराहून आणलेली.

ते गेल्यावर सासूबाईंनी रवी उचलली, माझ्याकडं बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "लोण्यानं मुरलेल्या रवीनं फेस येतो व्हय गं?" झालं. पुन्हा तोंडाला कुलूप.

बघा, टोमणा मारायची संधी सोडली न्हाय. मनातनं त्यांना हेच पाहिजे आहे, की माझं जमू नये आणि वट्टा जावा. तो कव्हरवाला काल पुन्हा आला होता. वट्ट्याची लांबी टेपनं मोजत होता, माझ्यासमोर! मला बसवत न्हाय, उभं राहवत न्हाय.

काहीतरी सांगा.

शिवलीला

*

जळकोट,
११ मार्च

शिवलीले,

नाचता येईना अंगण वाकडं! माझी पावडर जुनी म्हणे. माझ्या पावडरीत बोट बुडवून कपाळाला लाव, आठ दिवस जायचं न्हाय. तू तिला कढत पाण्यात घातलीस, तिचा जीव जाईल न्हाय तर काय? ती थंड दुधात जाते. बर्फाच्या दुधात घाल, ढवळ आणि बघ. कॉफी वर, रंग खाली. गुलाबी रंग कॉफीत मिसळून काय करणार होतीस, गंगेत शाई?

आता दुसरं. तुझ्या सासूचं वाक्य पुन्हा वाच. तिनं टोमणा मारला असं तुला वाटलं, मला वाटतं तिनं उत्तर सांगितलं. लोण्यानं मुरलेल्या रवीनं फेस येत न्हाय! बरोबरच बोलली. लोणी असलं की फेस खाली बसतो. ही गोष्ट मला सुचायला पाहिजे होती, रवी मीच सांगितली. तू बाजारातनं कोरी रवी आण, लोण्याचा हात न लागलेली.

आणि यव्वा, जिची आईची रवी तू न विचारता उचललीस, जिला स्वामींपुढं मान खाली घालावी लागली, ती तुला शिव्या द्यायच्या ऐवजी चूक कुठं झाली ते सांगते. असल्या बाईला तू वैरीण समजतेस? तिच्याजवळ जाऊन बस की जरा.

पण तू बसशील तर ना.

रुद्रम्मा आत्या

*

जळकोट,
२६ मार्च

शिवलीले,

बलभीम आला की मी फाट्यावर जाऊन उभी राहते. तो खिडकीतनंच हात हलवतो, काही न्हाय म्हणून. "उद्याच पाठवा" म्हणणारी पोरगी पंधरा दिवस गप्प, मग माझ्या जिवाला घोर लागणार न्हाय का? त्याला वट्ट्याचं विचारलं तर म्हणतो, गाडी जोरात असते, ध्यान गेलं न्हाय. गधड्याचं ध्यान कुठं असतं कोण जाणे.

फेस आला का? सासू बोलली का? त्या कव्हरवाल्यानं बस्तान मांडलं का? चार ओळी लिही, शिव्या दिल्यास तरी चालतील. मला इकडं हल्ली वेळच वेळ आहे. मळ्यात जायचं असं काही उरलं न्हाय, म्हणजे उन्हाचं जावंसं वाटत न्हाय.

पत्र पाठव गं.

रुद्रम्मा आत्या

*

येरमाळा,
२ एप्रिल

आत्या, माफ करा.

आधी आनंदात होते म्हणून लिहायचं राहिलं. आता लिहितेय तर रडू येतंय.

फेस आला! कोऱ्या रवीनं असा आला की वाटी उलटी धरली तरी पडला न्हाय. थंड दुधात तुमची पावडर टाकली, आत्या, काय रंग! गल्लीतल्या बायका बघायला आल्या. ह्यांनी एक ग्लास प्यायला आणि म्हणाले, "चांगलं हाय." तीन वर्षांत पहिल्यांदा "बघू" सोडून काहीतरी! मी वट्टा सारवला, दुकानाच्या फ्रीजमधला एक कप्पा माझ्या नावावर केला, पाटीसुद्धा रंगवली. यात्रेलाच सुरू करू, असं ठरलं. सगळी पावडर जपून ठेवली.

आणि जपून कुठं ठेवली? तुम्हीच म्हणाला होता ना, कोरडी, अंधारी, गार जागा. आमच्या घरात तशी एकच जागा आहे, देवघराचं फडताळ. तिथं ठेवला डबा.

पाडव्याला सकाळी सासूबाईंनी फडताळ उघडलं. लुगड्याच्या फडक्यातला, जळकोटाहून येतो तसलाच डबा. आत लालगुलाबी पावडर. त्यांना काय वाटणार? रुद्रम्मा विहिणीनं यंदाही कुंकू पाठवलं! ताट भरून घेतलं, येडाईला गेल्या, देवीच्या पायावर वाहिलं. उरलेलं ताट घरी आणलं आणि पुन्हा डब्यात ओतून मिसळलं, घरात कुंकवाला बरकत राहावी म्हणून. दुपारी गल्लीतल्या बायका आल्या, त्यांच्या कपाळाला लावलं.

मी चहा घेऊन बाहेर आले आणि बघते तर बायकांच्या कपाळावरनं गुलाबी ओघळ नाकापर्यंत आलेले! एकीनं ओठावरचा थेंब जिभेनं चाटला आणि ओरडली, "अगं बाई, कुंकू गोड लागतंय!" तेवढ्यात दुसरी किंचाळली, देवघरात मुंग्यांची रांग लागलेली, देवापर्यंत.

आत्या, मला हसू आलं. आवरलंच न्हाय. हातातला ट्रे खाली ठेवून मी पोट धरून हसले. मग सगळ्या हसल्या. सासूबाई मधोमध उभ्या, हातात ताट, स्वतःच्या कपाळावर तोच ओघळ.

संध्याकाळी त्यांनी डबा देवघरात ठेवला आणि फडताळाला कुलूप घातलं. मी म्हटलं, "सासूबाई, यात्रा तेरा दिवसांवर आली." तर म्हणाल्या, "देवीच्या पायाचं आलेलं हाय. परसाद झाला त्यो. परसाद विकून खायचा नसतो." सासऱ्यांनीही मान डोलावली. त्यांना तरी काय बोलणार, बरोबरच आहे ते. आणि थोडं वेगळं काढून ठेवलंय असंही न्हाय, सगळा डबाच परसाद झाला.

नुसती तपकिरी कॉफी इथं कोण पिणार? समोर उसाचा रस, शेजारी सोडा. रंगासाठीच तर माणसं थांबणार होती. कव्हरवाल्यानं सासऱ्यांना विचारून यात्रेनंतरचा दिवस धरलाय.

आत्या, एक डबा तरी पाठवा. अर्धा पाठवा. तळाला असेल ते झाडून पाठवा. मी रात्रंदिवस येरझाऱ्या घालतेय.

शिवलीला

*

जळकोट,
५ एप्रिल

शिवलीले,

पत्र वाचून आधी मी हसले. मग तुझ्या सासूचं हातात ताट धरून उभं राहणं डोळ्यापुढं आलं आणि हसू गेलं.

डबा पाठवू शकत न्हाय. खरं सांगते, मागच्या पत्रांत सांगितलं न्हाय. मळा झकास वगैरे काही न्हाय. महांतप्पा म्हणतो, "आई, तू एकटी, काटे टोचून घेतेस, त्या फळाला इथं विचारतं कोण? खांब काढू आणि सोयाबीन पेरू." शिवरात्रीनंतर एक ओळ काढलीसुद्धा. बाकीचे खांब पावसाच्या आत काढायचे आहेत. वेलाला कळ्या धरायच्या वेळेला मीच माझ्या हातानं ते कापायचे, या विचारानं मला इथं बसवत न्हाय, आणि मी तुला पायाला भिंगरी म्हणते. तुझ्याकडं गेला तो माझा शेवटचा डबा होता. तुझ्या कॉफीत गेला तर तेवढं तरी कुणाच्या तोंडी लागलं असं होईल, म्हणून पाठवला.

आता माझं बोलणं कडू लागेल, तरी वाच. डबा चुकला यात तुझा दोष न्हाय, सासूचाही न्हाय. पण तू चारचौघींत हसलीस. तिनं स्वामींपुढं रवीची तुझी चूक झाकली आणि तू बायकांपुढं तिचं कपाळ झाकलं न्हाईस. तुला वट्टा पाहिजे, रंग पाहिजे, सगळं उद्याच पाहिजे. आधी जाऊन त्या बाईजवळ बस. डबा मागायला न्हाय. नुसती बस. जमेल का तुला?

वट्टा गेला तर गेला, यव्वा. दुसरा मिळेल. सासू दुसरी मिळायची न्हाय.

रुद्रम्मा आत्या

*

येरमाळा,
१६ एप्रिल

आत्या,

रुद्रम्मा विहीणबाई, वरचा एक शबुद तुमच्या भाचीचा. तेवढा लिहून पेन टाकून पळाली, गिऱ्हाईक आलं म्हनून. कालपासनं तिसऱ्यांदा. म्या म्हनलं, आन हिकडं, खालचं म्या लिहिते. चौथी शिकलेली हाय, अक्षराला हसू नका.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी ती माज्याजवळ येऊन बसली. म्या ताक घुसळीत हुते. बसली ती बसलीच. ही पोरगी घटकाभर एका जागी बसलेली म्या तीन वर्सांत बघितली न्हवती, मला वाटलं हिला ताप आला का काय. मग म्हनली, "सासूबाई, मी हसायला नको होतं." आन् रडली. म्या बोलायची न्हाय, ह्यो माजाबी ऐबच हाय. म्या माजी रवी तिच्या हातात दिली आन् म्हनलं, घुसळ. ताक तर नीट करायला शीक.

पर मला झोप लागंना. फडताळ उघडून बघितलं तर कुलपाच्या आत मुंग्या. कुलपात ठिवलेला परसाद म्हंजे मुंग्यांचंच धन. परसाद विकायचा नसतो ह्ये खरं. पर कोंडून ठिवायचाबी नसतो की! त्यो वाटायचा असतो. ह्ये मला आदी कळाया पायजे हुतं.

सकाळी म्या तिच्या सासऱ्याला सांगितलं, कॉफी इकायची ती इका, रंग म्या वाटनार. फुकट. माज्या हातानं. कॉफी तिची, रंग येडाईचा. ते म्हनले, "तू वट्ट्यावर बसनार? हायवेला?" म्हनलं, व्हय. माज्या कपाळावरनं ओघळ गेला तवा गल्लीनं बघितलं, आता रस्त्यानं बघू दे.

पुनवेच्या दुसऱ्या दिशी यात्रेच्या रिवाजापरमानं चुनखडीचे खडे येचून मानसं घामाघूम हून रस्त्याला लागली. कुनाच्या कडंवर पोरगं, कुनाच्या डोईवर पाटी. तुमची भाची फेस काढतीया, आन् म्या मांडी घालून बसलेली, म्होरं डबा. एकेक गिलासात चिमूट टाकते आन् म्हनते, "येडाईचा परसाद हाय, ह्येचं पैसं पडत न्हाईत." दूध गुलाबी झालं की पोरं टाळ्या वाजवीत. बाया आदी गिलासाला हात जोडीत, मग पीत. एक म्हातारी म्हनली, माज्या कपाळालाबी लाव. म्हनलं, नगं बाई, मुंग्या येत्यात. ह्यावर तुमची भाची तोंडाला पदर लावून माज्याकडं बघाया लागली. मग म्याच हसले. मग ती हसली.

म्या पन पिले एक गिलास. वरचं कडूझार हाय, खालचं बरं हाय. तुमच्या हाताची चव कळाली.

डबा झाडून पुसून संपला. कव्हरवाला दुसऱ्या दिशी आला, टेप घिऊन. तिच्या सासऱ्यानं त्येला एक कॉफी पाजली आन् सांगितलं, जागा न्हाय. आता साध्या दुधातली कॉफीबी लोक मागत्यात, पर रस्त्यानं जानारी परत्येक गाडी इचारती, ती गुलाबी कुठं हाय. पोरगी काय उत्तर देईल? तिचं तोंड उतरतं आन् मला बघवत न्हाय.

तुमचं खांबाचं तिनं मला वाचून दाखवलं. वाचता वाचता थांबली. म्हनली, आत्याला डबा मागायची मला आता लाज वाटती. तिला वाटती, मला वाटत न्हाय. म्हनून म्या लिहिते.

मोकळा डबा बलभीमच्या हाती पाठवलाय. त्येच्यावर तिनं नेलपालिशनं मोठ्या अक्षरात "कॉफी" लिवलंय. कुंकवाचा डबा येगळा पाठवा, दोनी एका फडक्यात बांधू नका.

आन् महांतप्पाला माजा निरोप सांगा. ऱ्हायलेल्या खांबांना हात लावू नगं म्हनावं. माज्या सुनंला लागत्यात.

तुमची विहीण,
शिवगंगा